पंखाखालची पापुद्री

बाबा गेले ते माझ्यावर रुसून गेले, असं ताईने मला सांगितलं होतं. दुसरं काहीही सांगितलं असतं तरी मी भांडले असते. आम्हा बहिणींचं लहानपणापासून तेच चालत आलंय, ती सांगणार आणि मी भांडणार. पण या एका गोष्टीवर भांडायला जागाच नव्हती. ज्यांना जाऊन विचारायचं, ‘बाबा, माझं चुकलं तरी काय?’ तेच उरले नव्हते.

रुसण्याचं कारणही तिनेच सांगितलं होतं. मध्ये एकदा फोनवर मी तिला म्हटलं होतं, “अगं, तुझी हॉस्पिटलची ड्यूटी, वर बाबांचं सगळं. किती ओढशील? दिवसा कोणीतरी बाई ठेवू या.” एवढंच. ताईच्या म्हणण्याप्रमाणे ते बाबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी अर्थ काढला, की धाकटीला मला परक्यांच्या हाती देऊन मोकळं व्हायचंय. “फार मनाला लावून घेतलंय गं त्यांनी,” ताई म्हणाली. “म्हणतात, तिला सांग, येऊ नकोस.” माझी बॅग भरलेली होती. सकाळच्या बसचं तिकीट होतं. मी बॅग पुन्हा रिकामी केली आणि कपडे घड्या मोडून मोडून कपाटात कोंबले.

आता तुम्ही म्हणाल, तरी जायचं ना. आपल्या बापाकडे जायला परवानगी कसली? बरोबर आहे. पण ताई नर्स. बाबांचं अंथरूण, औषध, पाठीची मालीश, सगळं तिच्या हातात. ती म्हणाली, “तू आलीस आणि त्यांचा रक्तदाब चढला तर निस्तरायचं मलाच आहे,” तेव्हा मी काय बोलणार? माझ्या हातात कोण असतं? माश्या.

माझा धंदाच तो आहे. माश्या ओळखायच्या. जिथे माशी सापडायला नको तिथे ती सापडली, की डबीत घालून आमच्या प्रयोगशाळेत येते. बिस्किटाच्या कारखान्यातून येते, ऑपरेशनच्या खोलीतून येते, गुरांच्या दवाखान्यातून येते. आम्ही मायक्रोस्कोपखाली धरून सांगायचं, ही बाई कोण, कुठे जन्मली, काय खाऊन वाढली. नातेवाइकांत यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. माशा मारायचा पगार मिळणारी जगात ही एकटीच, असं म्हणतात. बाबा मात्र हसायचे नाहीत. ते शिंपी होते, सुईच्या नेढ्यावर आयुष्य काढलेले. बारीक बघण्याच्या कामाची त्यांना किंमत होती.

दर रविवारी मी फोन करायचे. बाबांना फोनवर नीट ऐकू यायचं नाही, म्हणून ताईच बोलायची. शेवटच्या महिन्यात ती एकदम हलक्या आवाजात बोलायला लागली. “हळू बोल, आत्ताच डोळा लागलाय त्यांचा.” मीही इकडे, दुसऱ्या शहरात, माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून हळू बोलायचे. वेडीच मी. मग एका सकाळी तिचा फोन आला आणि तेव्हा ती हळू बोलत नव्हती.

बाबा गेले, निरोप दिला, माणसं आली आणि गेली. त्या सगळ्या दिवसांत मी ताईला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते. “शेवटी तरी माझं नाव काढलं का?” ती भांडी पुसत पुसत म्हणायची, “जाऊ दे ना आता. म्हातारपणी माणूस हट्टी होतो.” मला ते लागायचं आणि मी गप्प बसायचे. माझ्या नाकावर माशी बसत नाही म्हणणाऱ्यांनी मला त्या आठवड्यात पाहायला हवं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही बाबांची खोली आवरायला घेतली. ताईच्या घरात नेहमी जंतुनाशकाचा वास असतो आणि फरशीत तोंड दिसतं. बाबांची खोलीही तशीच होती. लोखंडी पलंग, स्टूल, उशाशी खिडकी, पलंगाच्या पायथ्याशी मोठ्या कुंडीत रबराचं झाड. ताई चादरी घेऊन बाहेर गेली आणि मी खिडकी पुसायला गेले, तर कठड्यावर माश्या मरून पडल्या होत्या. निळसर हिरव्या, चमकणाऱ्या, चांगल्या जाडजूड. घरात नेहमी येते ती माशी राखाडी असते. ह्या त्या नव्हेत.

दुसरं कोणी असतं तर फडक्याने झटकून मोकळं झालं असतं. मला ते जमत नाही. मी स्टुलावरची गोळ्यांची रिकामी बाटली घेतली, कागदाच्या कोपऱ्याने माश्या तिच्यात सरकवल्या आणि बाटली पर्समध्ये टाकली. शपथेवर सांगते, मनात काहीएक नव्हतं. शिंप्याची मुलगी असते तशी, दिसलेलं बटण उचलून ठेवायचं. ताई आत आली तेव्हा मी खिडकी पुसत होते.

कामावर परत गेले त्या दिवशी टेबलावर दुसरं काही नव्हतं. म्हटलं, बघू तरी. एक मादी घेतली. टाचणी नेहमी पाठीच्या मध्यापासून जरा उजवीकडे टोचतात, म्हणजे डावीकडचे राठ केस शाबूत राहतात आणि मोजता येतात. तशी टोचली, मायक्रोस्कोपखाली धरली आणि वाकले.

अशा निळ्या हिरव्या माश्यांत दोघी जणी इतक्या सारख्या असतात, की भले भले फसतात. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही एकीला ‘खाटकीण’ म्हणतो आणि दुसरीला ‘जखमवाली’. खाटकीण बाजारात हिंडते, मासळीवर, मांसावर, कचऱ्यावर अंडी घालते. घाणेरडी खरी, पण तिचं कुणाशी वाकडं नाही. जखमवालीची गोष्ट वेगळी. तिच्या अळ्या मेलेल्या मांसावर जगतच नाहीत. त्यांना जिवंत प्राणी लागतो, उघडी जखम लागते. त्या आत घुसून आठवडाभर खातात, फुगतात, मग जखमेतून खाली पडून माती शोधतात आणि मातीत कोष करून बसतात. काही दिवसांनी त्यातून माशी बाहेर येते.

दोघींना वेगळं करायचं तर दोन जागा पाहायच्या. मादीच्या दोन डोळ्यांमधली पट्टी एकीची मध्ये फुगते, दुसरीची सरळ असते. आणि पंखाच्या बुडाशी एक पापुद्री असते, कानाच्या पाळीसारखी, पण अगदी बारीकशी. खाटकिणीची खालची पापुद्री मळकट तपकिरी. जखमवालीची पांढरी, मेणासारखी.

मला ती मळकट दिसली. पट्टीही मध्ये जरा फुगल्यासारखी वाटली. म्हटलं, खाटकीण. कुठेतरी पलंगाखाली उष्टं राहिलं असेल, आजारी माणसाच्या खोलीत होतं असं. ताईच्या स्वच्छतेला एकदा तरी नाव ठेवायला मिळालं याचा मला त्या दुःखातही थोडा आनंद झाला. मी माशी ट्रेमध्ये ठेवली आणि पाणी प्यायला गेले.

आमच्याकडे रीत अशी, की ट्रेमध्ये ठेवलेली प्रत्येक माशी समोरच्या टेबलावरचा माणूस पुन्हा ओळखतो. ती कुठून आली हे त्याला सांगायचं नाही, पहिल्याने काय म्हटलं तेही नाही. माणसाचा डोळा लबाड असतो. त्याला जे हवं असतं ते दिसतं. आमच्या साहेबांनी एकदा स्वतःच्या चहात पडलेली माशी बघून छातीठोकपणे सांगितलं होतं, साधी घरमाशी आहे. ती निघाली संडासातली. चहा अर्धा पिऊन झाला होता ना, मग साहेबांना ती घरमाशीच असायला हवी होती. तेव्हापासून ही रीत फारच कडक झाली.

समोरच्या टेबलावर मास्तर बसतात. पूर्वी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. तोंडाचा पट्टा अखंड चालू, पण डोळा असा, की चुकलेला मी पाहिलेला नाही. मी पाणी पिऊन आले तर त्यांनी माझी माशी घेतलेली होती. ती खाजगी आहे, राहू द्या, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण नाही म्हटलं. कशाला म्हणायचं? खाटकीणच तर होती.

“काय हो बाई, ब्रश फिरवायचं विसरलात?” मास्तर म्हणाले. “धूळ केवढी ही!” त्यांनी स्पिरिटमध्ये बारीक ब्रश बुडवला, पंख उचलला, बुडाशी दोनदा फिरवला आणि पुन्हा वाकले. “हां. आली बघा पांढरी. जखमवाली.”

“खाटकीण आहे ती,” मी म्हटलं.

“आज चष्मा घरी राहिला वाटतं. या, बघा.”

मी त्यांच्या खुर्चीत बसले. पंखाखाली ती पापुद्री होती, स्वच्छ, पांढरी, मेणाचा थेंब ठेवावा तशी. डोळ्यांमधली पट्टी दोन्ही बाजूंनी सरळ. एवढी सरळ, की मघाशी मला ती फुगलेली दिसलीच कशी हे मला कळेना. नव्या आलेल्या पोरींना मी ब्रश फिरवला नाही म्हणून ओरडते. आणि मीच फिरवला नव्हता.

मास्तर आपले चालूच होते. “कुठलं जनावर आहे हो? गाय की कुत्रं? कुणाचं का असेना, त्या मालकाला फोन करा आणि चांगला झापा. आठवडाभर ढुंकून बघितलेलं दिसत नाही त्याने. मुका जीव हो, बोलता येत नाही, पाठ खाजवता येत नाही, अळ्या आतून कुरतडतायत आणि हा पठ्ठ्या गेला असेल गावभर भटकायला. अशा माणसाला ना, मला विचाराल तर...”

“मास्तर,” मी म्हटलं, “माझे बाबा आहेत ते.”

त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, काय करावं ते न सुचून खुर्चीची पाठ धरून. “माझं चुकलं असेल,” म्हणाले. “थांबा, मी पुन्हा बघतो.” मास्तर एकदा ओळखलेली माशी पुन्हा बघत नाहीत. त्या दिवशी त्यांनी बघितली, बराच वेळ बघितली, बाटलीतल्या दुसऱ्या माश्याही एकेक करून बघितल्या. मग मान हलवून म्हणाले, “नाही हो बाई.”

मी मोरीत जाऊन पाण्याने तोंड धुतलं आणि तशीच बस पकडायला गेले.

बसमध्ये सहा तास मी ताईची वकिली करत होते. खरंच करत होते. एखादं कुत्रं जिन्यात येत असेल, त्याच्या जखमेतल्या असतील. खिडकीतून उडत आल्या असतील. पण माझं डोकं मधेच म्हणायचं, बाई, बाहेरून आलेली माशी बंद खिडकीच्या आतल्या कठड्यावर अशी ताजी, पंख न झिजलेली मरून पडत नाही. ती खोलीतच जन्मलेली असते. आणि जन्मायला माती लागते. मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला ते रबराचं झाड दिसत होतं.

ताई नुकतीच ड्यूटीवरून आली होती. दार उघडून म्हणाली, “अगं! अशी अचानक? कळवायचंस तरी!” मी चपलाही काढल्या नाहीत. सरळ बाबांच्या खोलीत गेले. फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी आडवी केली.

“वेड लागलंय का तुला? आत्ताच फरशी पुसलीय!”

मी हातांनी माती उकरली. फार खोल जावं लागलं नाही. बोटभर मातीखाली ते होते, तपकिरी, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, पिंपासारखे गोल. प्रत्येकाचं एका टोकाचं झाकण उडालेलं. रिकामे कोष. मी ते ओंजळीत घेतले आणि ताईसमोर धरले.

“झाडाला किडे होतातच,” ताई म्हणाली.

“ताई, तू नर्स आहेस आणि मी माशीवाली. आपण एकमेकींना कशाला बनवायचं?”

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग पलंगाच्या कडेवर बसली. गादी नव्हती, नुसत्या पट्ट्या होत्या, त्यांचा आवाज झाला.

“मी सगळ्या काढल्या होत्या,” ती म्हणाली.

“पोट भरलेल्या आधीच उतरल्या होत्या. त्या ह्यात गेल्या. आठवडा, ताई. आठवडाभर कोणी ती जखम उघडून पाहिली नाही. तू कुठे होतीस?”

“खालच्या शेजारणीला सांगून गेले होते. ती दोन वेळचं आणून द्यायची.”

“तू कुठे होतीस?”

“समुद्रावर.” तिचा आवाज चढला. “हॉस्पिटलच्या सगळ्या जणी जात होत्या. मी कधी गेलेय कुठे? आई गेल्यापासून मी कधी तरी गेलेय? कमरेला छोटी जखम होती, निघताना ड्रेसिंग करून गेले. म्हटलं, चार दिवसांत काय होतंय. मग तिथे गेल्यावर... मला परत यावंसं वाटेना. राहिले.”

शेजारीण ताट स्टुलावर ठेवायची आणि जायची. परक्या बाईला कमरेचं दुखणं कसं दाखवायचं, म्हणून बाबांनी तिला सांगितलं नाही. तेव्हा उकडत होतं म्हणून खिडकी उघडी. एवढं ऐकून माझ्या मनात नको ती गोष्ट वर आली.

“मधल्या रविवारी मी फोन केला होता. तू म्हणालीस, हळू बोल, डोळा लागलाय.”

ताई फरशीवर सांडलेली माती पायाने गोळा करायला लागली.

“तू तिथूनच बोलत होतीस? समुद्रावरून?”

“बाकीच्या जेवत होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी बाजूला आले होते.”

आणि मी इकडे श्वास रोखून बोलत होते, बाबांची झोप मोडू नये म्हणून. बाबा जागे होते. बाबा एकटे, उघड्या खिडकीखाली, कुशी बदलता न येता जागे होते. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तिला म्हटलं, “केसाने गळा कापलास तू माझा.” ती म्हणाली, “ओरड. तुला ओरडायला काय जातंय? परत आल्यावर ते बघितलं मी. चिमट्याने एकेक काढली मी. मी रडत होते आणि तेच मला सांगत होते, रडू नकोस, होईल बरं. तू नव्हतीस तिथे.”

“मला येऊ दिलं नाहीस तू!”

“कशी येऊ देणार?” ताई म्हणाली. “दुसऱ्या कुणालाही मी काहीही सांगितलं असतं. बेडसोर आहे, साखर वाढलीय, वय झालंय. आमच्याच डॉक्टरांनी माझ्या शब्दावर वय झालं असं लिहून दिलं. पण तू? तू दारातून बघितलं असतंस आणि सांगितलं असतंस, किती दिवसांच्या आहेत ते. माझी नोकरी गेली असती. उद्या पोलीस आले असते दारात.”

मी खाली वर्तमानपत्रावर, त्या मातीतच बसले. माझ्या बापापासून मला तोडलं ते माझ्याच कामाने. मी दुसरं काहीही असते, बँकेत असते, बस चालवत असते, तर ताईने मला येऊ दिलं असतं आणि मी बाबांच्या उशाशी बसले असते.

पण त्याही घटकेला मला जे विचारायचं होतं ते वेगळंच होतं. महिनाभर मी तेच गिळून बसले होते.

“म्हणजे बाबा माझ्यावर रुसले नव्हते.”

“नाही.”

“दिवसा बाई ठेवायची म्हटलं, ते?”

“ते मी त्यांना सांगितलंच नव्हतं.”

खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. डोळे भरून आले. बाबा रुसले नव्हते! मग लक्षात आलं, की रुसले नव्हते तर त्यांनी मला बोलवायला सांगितलं असणार. बाबांचा स्वभाव मला माहीत नाही का? साधा ताप आला तरी धाकटी कधी येतेय म्हणून विचारणारा माणूस.

“त्यांनी मला बोलावलं होतं?”

ताई हाताच्या नखाने पलंगाचा रंग खरवडत होती.

“बोलावलं होतं ना? तू त्यांना काय सांगितलंस?”

“अगं, आता त्याने काय होणार आहे?”

“सांग.”

“आधी म्हटलं, रजा मिळत नाही. ते म्हणाले, साहेबांना माझं नाव सांग म्हणावं, देतील. रोज तेच. रोज येता-जाता तेच. मी किती दिवस रजा रजा म्हणणार? मग एकदा तोंडातून निघून गेलं.”

“काय?”

“म्हटलं, तिला किळस येते. अळ्या पडल्या हे कळल्यापासून तिला किळस येते, म्हणून येत नाही.”

मला? किळस? बशीत अळ्या घेऊन शेजारी डबा उघडून जेवणारी मी!

“त्यांना पटलं हे?”

“नाही. हसले. म्हणाले, काहीतरीच, धाकटीला किळस? दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाले, तू फोन कर, तिला नीट सांग. मी पुन्हा तेच सांगितलं. मग मात्र...” ताई थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण आता तिला थांबताही येईना. “मग मात्र रोज सकाळी स्वतःच सांगायला लागले, आधी मला पूस, चांगलं पूस, साबण लाव. दुखायचं त्यांना, तरी लाव म्हणायचे. चादर रोज बदलायला लावायचे. आणि म्हणाले, तिला फोन करून म्हणावं, मी आता स्वच्छ आहे. वास येत नाही. येऊन जा.”

बाहेर जिन्यात कोणीतरी किल्ल्या वाजवत वर गेलं.

“आणि तू?”

“मी म्हटलं, केला फोन. बघते म्हणाली.”

“मग?”

“मग त्यांनी विचारलं नाही.”

ताईने माझा हात धरायला हात पुढे केला. मी झिडकारला. मी उठले, पर्स उचलली आणि दाराशी आले. ती मागून म्हणत होती, “मी तुझ्या पाया पडते, हे कुणाला सांगू नकोस.” मी म्हटलं, “ज्यांना सांगायला हवं होतं ते गेले, ताई. मला किळस येत नव्हती एवढंच मला त्यांना सांगायचं होतं.” मग मी जिना उतरून बस मिळेल तिकडे चालू लागले.